पहिला ट्रेस: मोबाइल सिग्नलिंग शिकायला बसताना

फ्लाइट मोड बंद केला की दोन-चार सेकंदांत वरच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या उभ्या राहतात. तेवढ्या वेळात हँडसेट, टॉवर आणि कोअर नेटवर्क (टॉवरांच्या मागची ऑपरेटरची मुख्य यंत्रणा) यांचं बरंच बोलणं होऊन गेलेलं असतं. तू कोण, तूच तो कशावरून, आपण कोणत्या किल्लीने बोलायचं, तुझा डेटा कुठल्या वाटेने न्यायचा. या बोलण्याला सिग्नलिंग म्हणतात. ते टिपून ठेवलं की झाला ट्रेस. तक्रार आली की हा ट्रेस उघडून बसायचं आणि बोलणं नेमकं कुठे फिसकटलं ते सांगायचं, हे प्रोटोकॉल अ‍ॅनालिसिसचं काम.

मी नव्या इंजिनिअरांना हे काम शिकवतो. ईअँडटीसी किंवा कॉम्प्युटर करून आलेली मुलंमुली पहिल्या दिवशी रेडिओ प्रोटोकॉलच्या थरांची आकृती पाठ करून आलेली असतात: मॅक, आरएलसी, पीडीसीपी, आरआरसी. आकृती बरोबरच असते, पण तिच्या जोरावर कुणी बिघाड शोधलेला मी पाहिला नाही. बिघाड शोधतो तो, ज्याला एक धड पार पडलेली नोंदणी पहिल्या मेसेजपासून शेवटच्यापर्यंत तोंडपाठ असते. मग बिघडलेला ट्रेस समोर आला की पहिला फरक कुठे पडला ते त्याला दिसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी चांगला ट्रेस, मग तो मुद्दाम बिघडवणं, आणि थिअरी लागेल तशी.

पायरी १: घरच्या घरी नेटवर्क उभं करा

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर उबुंटू आणि तीन मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. ओपनफाइव्हजीएस हे ५जीचं कोअर नेटवर्क, यूईरॅनसिम हा टॉवर आणि हँडसेट या दोघांचा सिम्युलेटर, आणि वायरशार्क ट्रेस बघायला. पैसे भरून घ्यायचं काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हौसेने एसडीआर बोर्ड (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) आणून घरात स्वतःचा टॉवर चालू करू नका. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीवर परवानगीशिवाय प्रक्षेपण करणं भारतात गुन्हा आहे, आणि शेजारच्या एखाद्या फोनने तुमच्या खोट्या टॉवरला धरलं तर त्या माणसाचा आणीबाणीचा कॉलही अडकू शकतो. सिम्युलेटरमध्ये हवेत काहीच जात नाही. रेडिओचा थर त्यात खरा नसतो, ही त्याची उणीव. पण कोअरकडचं सिग्नलिंग अस्सल असतं आणि सुरुवातीला तेच शिकायचं आहे.

ओपनफाइव्हजीएस आणि यूईरॅनसिम यांच्या मूळ सेटिंग एकमेकांशी जुळतील अशाच ठेवलेल्या असतात: नेटवर्क कोड (देश आणि ऑपरेटर यांचे आकडे) ९९९-७०, ट्रॅकिंग एरिया (टॉवरांच्या गटाचा नंबर) १, डीएनएनचं, म्हणजे ज्या डेटा नेटवर्कला जोडायचं त्याचं, नाव ‘इंटरनेट’. कोअरच्या वेबपानावर एक ग्राहक नोंदवायचा आणि त्याचा इम्सी (सिमचा ओळख क्रमांक), के (सिमची गुप्त किल्ली) आणि ओपीसी (किल्लीच्या जोडीला लागणारा ऑपरेटरचा गुप्त आकडा) हे यूईरॅनसिमच्या हँडसेट फाइलमधून अक्षर न चुकता उतरवायचे. पहिल्या दिवशी याखेरीज कशालाही हात लावू नका.

सगळं एकाच मशीनवर चालत असलं तरी प्रत्येक घटकाला स्वतःचा लूपबॅक पत्ता (मशीनच्या आतल्या आत चालणारा) असतो. एएमएफ (नोंदणी बघणारा) १२७.०.०.५ वर, एसएमएफ (डेटा सेशन बघणारा) १२७.०.०.४ वर, यूपीएफ (डेटा वाहून नेणारा) १२७.०.०.७ वर, टॉवर १२७.०.०.१ वर. हे चार पत्ते कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. पुढचे दोन आठवडे ते कामाला येतील.

पायरी २: कॅप्चर आधी, नेटवर्क नंतर

वायरशार्क लूपबॅकवर सुरू करा, मग कोअर, मग टॉवर, सगळ्यात शेवटी हँडसेट. नवी मुलं बहुतेक वेळा हँडसेट चालू करून झाल्यावर कॅप्चर लावतात आणि पहिले चार मेसेज गमावतात. नेमकं त्या चारांतच निम्मं उत्तर असतं.

शेवटी यूईरॅनसिम मशीनवर एक नवा नेटवर्क इंटरफेस तयार करतं. त्यावरून आधी १०.४५.०.१ ला पिंग करा. हा कोअरचाच पत्ता आहे. तो लागला आणि बाहेरच्या इंटरनेटचा पिंग लागला नाही, तर सिग्नलिंगमध्ये चूक शोधत बसू नका. लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग आणि नॅट (पाकिटं बाहेर नेणाऱ्या सेटिंग) चालू करायचं राहिलेलं आहे.

ट्रेस सेव्ह करा आणि नाव द्या: ‘चांगला-१’. ही फाइल कधीही पुसायची नाही.

पायरी ३: एकेक मेसेज, वही घेऊन

वायरशार्कच्या फिल्टरमध्ये लहान इंग्रजी अक्षरांत एनजीएपी टाका. टॉवर आणि एएमएफ यांच्यातली ही भाषा एससीटीपी या वाहतुकीच्या प्रोटोकॉलवरून, ३८४१२ या पोर्टवर चालते. आता वहीत तीन उभ्या रेघा मारा: हँडसेट, टॉवर, एएमएफ. प्रत्येक मेसेजसाठी एक आडवा बाण. हे हातानेच करा. वायरशार्क असा फ्लो आपण होऊन काढून देतो, पण हाताने काढलेला लक्षात राहतो. माझ्याकडे शिकून तयार झालेल्या प्रत्येकाकडे अशी एक मळकी वही आहे.

पहिली जोडी एनजी सेटअपची. टॉवर सांगतो, मी अमुक, माझा नेटवर्क कोड हा, ट्रॅकिंग एरिया हा. एएमएफ होकार देतो. हँडसेट अजून चित्रात आलेलाच नसतो.

मग येते रजिस्ट्रेशन रिक्वेस्ट. हँडसेट आपली ओळख एसयूसीआय (उच्चार ‘सूची’, ओळखीचं झाकता येणारं रूप) या रूपात देतो. खऱ्या ५जी नेटवर्कमध्ये ग्राहकाचा नंबर ऑपरेटरच्या सार्वजनिक किल्लीने झाकलेला असू शकतो. आपल्या प्रयोगात ‘नल स्कीम’ असल्याने तो उघडा दिसतो, शिकायला बरा.

एएमएफचं उत्तर म्हणजे ऑथेंटिकेशन रिक्वेस्ट. हा मेसेज पूर्ण उलगडा आणि इथे दोन दिवस घालवा. आत दोन मुख्य किमती आहेत. रँड, १६ बाइट, निव्वळ यादृच्छिक आकडा. आणि ऑटीएन, तोही १६ बाइट, पण त्याचे तीन तुकडे: पहिले ६ बाइट म्हणजे झाकलेला क्रमांक (दर परीक्षेला पुढे सरकणारा), पुढचे २ म्हणजे एएमएफ नावाचं फील्ड, शेवटचे ८ म्हणजे मॅक. इथे दोन नावं हमखास घोळ घालतात. ऑटीएनमधलं एएमएफ आणि नेटवर्कमधला एएमएफ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि हा मॅक म्हणजे रेडिओचा मॅक थरही नव्हे. हा मॅक म्हणजे नेटवर्कने मारलेली मोहर. हँडसेट ती स्वतःच्या किल्लीने पडताळतो आणि पटली तरच उत्तर देतो. २जीमध्ये फक्त नेटवर्क ग्राहकाची परीक्षा घ्यायचं, त्यामुळे खोटा टॉवर उभा करणं सोपं होतं. ३जीपासून ग्राहकही नेटवर्कची परीक्षा घेतो. त्या ८ बाइटांचं मोल इतकं आहे.

पुढे सिक्युरिटी मोड कमांड. यात एएमएफ कोणता अल्गोरिदम वापरायचा ते सांगतो, आणि सोबत हँडसेटने सुरुवातीला सांगितलेली क्षमतांची यादी जशीच्या तशी परत पाठवतो. का? वाटेत कुणी ती यादी बदलून ‘याला फक्त दुबळं कुलूप येतं’ असं केलं असेल, तर हँडसेटला ते इथे कळावं म्हणून. प्रत्येक फील्डपाशी थांबून असं ‘का’ विचारत जा. उत्तर बहुधा कुणीतरी पूर्वी केलेल्या हल्ल्यात किंवा झालेल्या बिघाडात सापडतं.

या टप्प्यानंतर काही मेसेज वायरशार्कमध्ये नुसते बंद पाकिटासारखे दिसतील. ओपनफाइव्हजीएस मूळ सेटिंगमध्ये एनइए-शून्य, म्हणजे प्रत्यक्षात न झाकणारा अल्गोरिदम निवडतं. पण वायरशार्कला ते माहीत नसतं. प्रेफरन्सेसमध्ये एनएएस-५जीएस या प्रोटोकॉलखाली ५जी-इए-शून्य मेसेज ओळखून उलगडण्याचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. पाकिटं उघडतील.

मग रजिस्ट्रेशन अ‍ॅक्सेप्ट, कम्प्लीट, आणि पीडीयू सेशनची, म्हणजे डेटाच्या जोडणीची, मागणी. तिथे एक व्यायाम आहे, तो चुकवू नका. एएमएफ टॉवरला पीडीयू सेशन रिसोर्स सेटअप रिक्वेस्ट पाठवतो, तिच्या पोटात एक टीईआयडी (डेटाच्या बोगद्याचा नंबर) असतो. तो आकडा वहीत लिहा. आता पिंगची पाकिटं शोधा, यूडीपी पोर्ट २१५२ वर. टॉवरकडून यूपीएफकडे जाणाऱ्या पाकिटावर तोच टीईआयडी दिसला पाहिजे. परतीच्या पाकिटावर मात्र वेगळा असतो, आणि तो टॉवरने रिस्पॉन्समध्ये दिलेला असतो. टीईआयडी नेहमी घेणारा ठरवतो. कुरियर आपल्याकडे यायचं असेल तर फ्लॅट नंबर आपणच देतो ना, तसंच. ‘नोंदणी होते पण नेट चालत नाही’ या तक्रारींतल्या बऱ्याच या दोन आकड्यांपाशी सुटतात.

पायरी ४: बाइट वाचायची सवय

वायरशार्क सगळं उलगडून देतो, मग बाइट कशाला बघायचे? कारण कधीतरी दोन यंत्रं एकच बाइट दोन तऱ्हांनी वाचतात, आणि वायरशार्क त्यातलं एकच दाखवतो.

नेटवर्क कोडचंच घ्या. तीन बाइटांत बसतो आणि आकडे जोडीजोडीने उलटे लिहितात. ४०४-२० हा कोड बाइटांत ०४ एफ४ ०२ असा दिसतो. पहिल्या बाइटमध्ये देशाच्या कोडचे पहिले दोन आकडे उलटून: ४ आणि ० चे झाले ०४. मधल्या बाइटचा उजवा भाग म्हणजे देशाच्या कोडचा तिसरा आकडा, ४. डावा भाग म्हणजे ऑपरेटर कोडचा तिसरा आकडा. तो इथे नाहीच, म्हणून जागा भरायला एफ. शेवटी २० उलटून ०२. आता ४०५-८४० घ्या, इथे ऑपरेटर कोड तीन आकडी आहे: ०४ ०५ ४८. एफ गायब.

भारतात दोन आकडी आणि तीन आकडी असे दोन्ही कोड वापरात आहेत. त्यामुळे कुणी कॉन्फिगरेशनमध्ये ‘२०’ च्या जागी ‘०२०’ भरलं की माणसाला दोन्ही सारखंच वाटतं, यंत्राला ते वेगळं नेटवर्क दिसतं. तुमच्या ‘चांगला-१’ मध्ये ९९ एफ९ ०७ शोधून काढा आणि स्वतः उलगडून पाहा.

पायरी ५: आता मुद्दाम बिघडवा

एका वेळी एकच बदल. बदल केल्यावर, चालवण्याआधी, काय होईल ते वहीत लिहा. अंदाज न लिहिता चालवलं तर शिकणं निम्मं वाया जातं.

ग्राहकाच्या के मधला एक आकडा बदला. मोहर जुळणार नाही आणि हँडसेट ऑथेंटिकेशन फेल्युअर पाठवेल, कॉज (कारणाचा नंबर) २०. के मूळ ठेवून ओपीसी बदला, पुन्हा २० च. म्हणजे नुसत्या ट्रेसवरून दोघांतलं काय चुकलं ते ठरत नाही, आणि रिपोर्टमध्येही तसंच लिहायला हवं. याच मेसेजमध्ये कधी कॉज २१ दिसतो, सिंक फेल्युअर. नवे लोक तो लाल रंगाने खूण करून बिघाड म्हणून पाठवतात. तो बहुधा बिघाड नसतो. हँडसेट म्हणतो, तुझा क्रमांक मागे पडलाय, माझा हा घे. नेटवर्क तो घेऊन पुन्हा परीक्षा घेतं आणि गाडी पुढे जाते. तेच पुन्हापुन्हा होत राहिलं तर मात्र चौकशी करा.

टॉवरच्या फाइलमधला नेटवर्क कोड बदला. एनजी सेटअपच नाकारलं जाईल आणि हँडसेटचा एकही मेसेज एएमएफपर्यंत दिसणार नाही. ट्रेसमधली शांतता हीसुद्धा माहिती असते, हे इथे अंगी मुरतं.

हँडसेटमधलं डीएनएनचं नाव बदला. नोंदणी सुरळीत होते, डेटा सेशन पडतं. एकदा माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, रजिस्ट्रेशन अ‍ॅक्सेप्ट आलंय, म्हणजे नेटवर्क ओके आहे.” नोंदणी आणि सेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक एएमएफकडे, दुसरी एसएमएफकडे, हे तिला याच प्रयोगाने पटलं.

शेवटी ग्राहकच कोअरमधून काढून टाका. हँडसेटला नकार येईल, त्यात एक कॉज नंबर असेल. पण खरं कारण त्या नंबरात पुरतं दिसत नाही. कोअरच्या आत घटक एकमेकांशी एचटीटीपी/२ वर बोलतात. ओपनफाइव्हजीएसमध्ये ते ७७७७ पोर्टवर असतं, वायरशार्कला ‘डिकोड अ‍ॅज’ करून सांगावं लागतं. तिथे ग्राहक न सापडल्याचं उत्तर सरळ शब्दांत आहे. हँडसेटला सांगितलेलं कारण आणि आतलं कारण यांत अंतर असू शकतं, म्हणून एकाच बाजूचा ट्रेस बघून निकाल देऊ नका.

पायरी ६: घड्याळ

याला वेगळी पायरी दिली कारण माझी एक आख्खी रात्र यात गेली आहे. रोमिंगची तक्रार होती, दोन ठिकाणचे दोन ट्रेस आले होते, आणि एकातल्या रिक्वेस्टचं उत्तर दुसऱ्यात कुठेच सापडेना. मी दोन्हीकडच्या वेळा लावून मिनिटामिनिटाने शोधत होतो. पहाटे लक्षात आलं की एकावर आपली वेळ होती आणि दुसऱ्यावर यूटीसी. साडेपाच तासांचा फरक, त्यातल्या अर्ध्या तासामुळे मिनिटंही जुळत नव्हती. तेव्हापासून दोन ट्रेस हातात आले की पहिलं काम एकच: दोन्हींत असलेला एक मेसेज शोधायचा आणि वेळांमधला फरक वहीत लिहायचा.

वेळेचा दुसरा उपयोग टायमर ओळखायला. हँडसेटने रजिस्ट्रेशन रिक्वेस्ट पाठवली आणि बरोबर १५ सेकंद काही हललं नाही, तर तो टी३५१० संपलेला आहे, उत्तर आलेलंच नाही. ऑथेंटिकेशन रिक्वेस्ट ६-६ सेकंदांनी पुन्हा येत असेल तर तो एएमएफचा टी३५६०, हँडसेटचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. पाचव्या प्रयत्नानंतर हँडसेट गप्प बसतो तो टी३५०२ मुळे, मूळ किंमत १२ मिनिटं. ग्राहक सांगतो, ‘दहा-बारा मिनिटांनी आपोआप नेटवर्क आलं.’ ते आपोआप नसतं.

पायरी ७: मानकं वाचणं

थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची सगळी मानकं मोफत मिळतात. एकेक शेकडो पानांचं असतं, सलग कुणी वाचत नाही. २३.५०२ मध्ये कॉल फ्लो आहेत: नोंदणीसाठी कलम ४.२.२.२, पीडीयू सेशनसाठी ४.३.२.२. आपली वही शेजारी ठेवून हे दोन फ्लो ताडून बघा. २४.५०१ मध्ये हँडसेट आणि कोअर यांच्यातले मेसेज, त्याच्या परिशिष्टात कॉज नंबरांचे अर्थ. ३८.४१३ म्हणजे एनजीएपी. ३८.३३१ म्हणजे रेडिओवरचं आरआरसी, ते नंतर.

पायरी ८: मागे वळून ४जी

५जी आधी का शिकवलं, तर घरबसल्या पूर्ण दिसतं म्हणून. नोकरीत ४जी सुटणार नाही. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पण ज्या नेटवर्कमध्ये ५जीचा रेडिओ ४जीच्या कोअरवर टेकलेला आहे तिथे नोंदणी अजून जुन्याच पद्धतीने होते. वही हाताशी असली की आठवडाभरात जमतं: एएमएफ आणि एसएमएफची बरीच कामं ४जीच्या एमएमईकडे, ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या यूडीएमच्या जागी एचएसएस, एनजीएपीच्या जागी एस१एपी पोर्ट ३६४१२ वर, एचटीटीपीच्या जागी डायमीटर ३८६८ वर आणि जीटीपी-सी २१२३ वर. व्होएलटीई (४जी डेटावरून होणाऱ्या) कॉलसाठी एसआयपी हा कॉल जोडणारा प्रोटोकॉल शिकावा लागेल, तो स्वतंत्र महिन्याभराचा विषय आहे.

खरा रेडिओ बघायचा तर परवानगी असलेल्या प्रयोगशाळेत. २०२३ मध्ये देशातल्या १०० शिक्षणसंस्थांना ५जी प्रयोगशाळा जाहीर झाल्या. आपल्या कॉलेजात किंवा जवळपास आहे का, ते विभागप्रमुखांना विचारा. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या देशी ५जी टेस्टबेडमध्ये आयआयटी मुंबई आणि ‘समीर’ ही सरकारी संशोधन संस्था यांचाही वाटा आहे.

ट्रेस म्हणजे कुणाचं तरी आयुष्य

कामावर हातात येणाऱ्या ट्रेसमध्ये खऱ्या माणसाचा इम्सी असतो, तो कोणत्या सेलखाली किती वाजता होता ते असतं, एसएमएसचा मजकूरही असू शकतो. डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की एसएस७ या जुन्या नेटवर्कांच्या सिग्नलिंगपर्यंत हात पोचला तर कुणाचाही ठावठिकाणा काढता येतो. आपला हात रोज तिथे पोचलेला असतो. ट्रेस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही, मित्राला ‘बघ काय इंटरेस्टिंग आहे’ म्हणून दाखवायचा नाही, काम झालं की घरच्या लॅपटॉपवर ठेवायचा नाही. सरावाला आपले ९९९-७० चे ट्रेस आहेत.

पायरी ९: निदान लिहिणं

‘नेटवर्क इश्यू आहे’ हे निदान नव्हे. काय दिसलं, त्यावरून काय वाटतं आणि कुणी काय तपासावं, हे तीन भाग वेगळे ठेवा. असं: ‘१४:०२:११ ला एएमएफने ऑथेंटिकेशन रिक्वेस्ट पाठवली. हँडसेटने कॉज २० देऊन ती नाकारली. दुसरं सिम त्याच हँडसेटमध्ये चालतं. या सिमचा के किंवा ओपीसी कोअरमध्ये चुकीचा भरला असावा. दोन्हींतलं कोणतं ते ट्रेसवरून सांगता येत नाही. सिमच्या बॅचची फाइल ताडून पाहावी.’ सहा वाक्यं आहेत, आणि वाचणाऱ्याला पुढे कुठे जायचं ते कळतं.

हे सगळं जमू लागलं की बरोबर शिकणाऱ्या कुणाला तरी तुमच्या मशीनवर बसवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. त्यांनी एका फाइलमध्ये एकच बदल करायचा, कुठे ते सांगायचं नाही. परत येऊन फाइल न उघडता, फक्त ट्रेस घेऊन ‘चांगला-१’ शी ताडून बघा आणि घड्याळ लावा. सापडलं की निदान वरच्यासारखं लिहून दाखवा, मग अदलाबदल करा. रोज एक, महिनाभर.